चार टायरांसाठी मांजरीपर्यंत

आमच्या इमारतीतली तीन कुटुंबं युरोप करून आली आहेत. पहिल्या मजल्यावरचं जोडपं केनियाला जाऊन सिंह बघून आलं आणि त्या सिंहाचे फोटो आम्हा सगळ्यांना दोनदा बघावे लागले. मांजरीला मात्र अजून कोणी गेलेलं नाही. मी गेल्या आठवड्यात तीनदा गेलो. नारायण पेठेपासून अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, व्हिसा लागत नाही. ज्यांना जायला वेळ नाही किंवा इच्छा नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी कारण सांगतो. माझी मुलगी केतकी खराडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करते आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी पळवते. मोकळ्या धावपट्टीवर प्लास्टिकचे शंकू मांडतात, त्यांच्यामधून एकेका गाडीने वळणं घेत जायचं, आणि ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो जिंकला. या शर्यतीचे टायर वेगळे असतात, मऊ रबराचे. रोजच्या रस्त्यावर ते चालवले तर बघता बघता संपतील. म्हणून साध्या टायरांवर गाडी तिथे न्यायची, जॅक लावून चारही चाकं बदलायची, शर्यत करायची, पुन्हा बदलायची आणि घरी यायचं. ती चार चाकं एरवी आमच्या गॅलरीत असतात. कपडे वाळत घालायचा स्टँड त्यामुळे माझ्या खोलीत आला आहे.

गाडी अगदी छोटी. मागची सीट पाडली की चार चाकं, जॅक, हत्यारांची पेटी आणि उन्हासाठी तंबू एवढं कसंबसं मावतं. पुढे केतकी, तिच्या शेजारी सलील. सलील तिच्या कॉलेजपासूनचा मित्र. चाकं बदलणं आणि गाडीखाली झोपणं ही त्याची कामं. तेवढ्यात गाडी भरते. मला जागा नाही.

आणि मला जायचं होतं. तीन वर्षं ती हे करते आहे, मी एकदाही पाहिलेलं नाही. पहिल्यांदा तिने जेवताना हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, "फिरून फिरून परत तिथेच यायचं ना? मग पेट्रोल कशाला जाळतेस, देवळात प्रदक्षिणा घाल." माझी बायको सुनंदा हसली, केतकीही हसली. पण त्यानंतर तिने माझ्यापुढे शर्यतीचा विषय काढला नाही. कितवी आली, काय चुकलं, हे ती स्वयंपाकघरात आईला सांगते आणि मी बाहेर पेपर वाचत ऐकतो. त्या एका वाक्याचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

तर टायर गाडीच्या बाहेर, मागे टांगले की मागची सीट मोकळी होते आणि तिच्यावर एक माणूस बसू शकतो, असा माझा हिशोब होता. मी एकतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल घेतली. रॅकचं ड्रॉइंग काढायला मला एक संध्याकाळ लागली. गाडीच्या मागे आडवा जाड पाइप, त्यात हातात बांगड्या घालाव्यात तशी चारही चाकं ओवायची, शेवटी एक चकती आणि आडवी पिन. केतकीने ड्रॉइंग बघितलं. "मस्त आहे, बाबा. पण रविवारी इव्हेंट आहे. तोपर्यंत होईल?"

"होईल," मी म्हणालो.

सुनंदा म्हणाली, "एवढी यातायात कशाला?" मी म्हणालो, "भाराचा प्रश्न आहे, तुला नाही कळायचं." ती कुकर लावायला आत गेली.

बुधवार : वाघोली

केतकीची गाडी आठवडाभर खराडीला जाते, त्यामुळे माझा प्रवास स्कूटरवर. नगर रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. जे गेले आहेत त्यांना सांगायला नको, आणि जे गेले नाहीत त्यांना पटणार नाही.

वाघोलीत कॉलेजं आहेत, कॉलेजांपुढे हॉस्टेलं, हॉस्टेलांखाली मेस आणि मेसच्या वर फ्लॅटच्या जाहिराती. सगळं नवं. इमारतींची नावं फ्रेंच आहेत की इटालियन, ते मला ठरवता आलं नाही. गाड्यांसाठी हवं ते करून देणारं एक दुकान तिथे आहे असं सलीलकडून कळलं होतं. दुकानाला ते स्टुडिओ म्हणतात. मालक पंचविशीचा, सुबक दाढीचा, अतिशय नम्र. पायातले बूट बाहेर काढायला लावले नाहीत एवढंच.

"अंकल, कॅड फाइल आहे का?"

"ड्रॉइंग आहे."

त्याने कागद दोन्ही हातांनी धरून बघितला. "हे पेन्सिलनं काढलंय?"

"हो. खोडता येतं."

तो मनापासून हसला. मग त्याने मला स्क्रीनवर बरंच काही दाखवलं. लेझरने पत्रा कापणार, पावडर कोटिंग करणार, वजन अमुक इतकंच येणार. "थ्री वीक्स मिनिमम, अंकल. सध्या लोड खूप आहे." मी रविवार म्हणालो तेव्हा त्याने दाढी कुरवाळली. "मग तुम्ही मांजरीला बबनरावांकडे जा. ते उसाच्या ट्रॉल्या बनवतात. फिनिशिंग मिळणार नाही, पण तुटणार पण नाही." पत्ता त्याने स्वतः कागदावर लिहून दिला, पेन्सिलीने.

जेवायची वेळ झाली होती. समोरच 'अस्सल पुणेरी मिसळ' अशी पाटी होती. पेठेत अशी पाटी मी कधी पाहिली नाही, तिथे सांगावं लागत नाही. मिसळ चांगली होती हे कबूल करायला हवं. सोबत मेयोनीज हवं का विचारलं, ते मी नको म्हणालो.

गुरुवार : मांजरी

हडपसर ओलांडून रेल्वेच्या रुळांपलीकडे गेलं की हवेला ओल्या गवताचा आणि मळीचा मिश्र वास येतो. रस्त्याच्या एका हाताला ऊस उभा आहे आणि दुसऱ्या हाताला बारा मजली इमारती. मधून ट्रॅक्टर चालतात, आणि ट्रॅक्टरच्या मागे गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलं-मुली हॉर्न वाजवतात. कोणी कोणाकडे बघत नाही.

बबनरावांची शेड या दोहोंच्या मध्ये आहे. पत्र्याचं छप्पर, खाली कोबा, कोपऱ्यात दोन ट्रॉल्या, एक अर्धवट गेट आणि कुठल्यातरी सोसायटीचा झोपाळा. बबनराव साठीच्या आतबाहेर. नाकावर वाचायचा चष्मा, कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यांनी आधी चहा मागवला.

"गाव कंचं?"

"नारायण पेठ."

"त्ये न्हवं. मूळ गाव?"

मी विचार केला. माझे वडील पेठेतले, आजोबा पेठेतले. त्याआधी कोकणातून कोणीतरी आलं असं म्हणतात, पण कोकणात आमचं आता कोणी नाही. "तेच," मी म्हणालो. बबनरावांनी माझ्याकडे जरा कळवळून बघितलं आणि बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न 'काय काम आहे?' हा असतो. इथे कामाचं चहा संपल्यावर.

कप खाली ठेवून मी मास्तर होतो हेही सांगितलं, तेव्हापासून मी 'मास्तर' झालो. मग मी ड्रॉइंग पुढे केलं. बबनरावांनी ते नीट बघितलं आणि विचारलं, "चाक आनलंय का?"

"ड्रॉइंगमध्ये सगळी मापं आहेत."

"मापं हायती. चाक कुटाय?"

"चाक घरी आहे. टायरवर छापलेलं असतं, एकशे पंच्याण्णव मिलिमीटर रुंदी. चार चाकांचे सातशे ऐंशी. मी आठशे धरलेत."

"बरं," ते म्हणाले. या 'बरं'मध्ये काय आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यांची कामाची रीत सांगण्यासारखी आहे. कागदावरची आकृती त्यांनी खडूने कोब्यावर काढली, पूर्ण मापाची, गाडीच्या मागच्या भागासकट. मग त्या रेघांवर लोखंडाचे तुकडे मांडत गेले आणि मांडून झाल्यावर त्याच्याभोवती एक चक्कर मारली. माप टेपने घेतलं, पण टेप गुंडाळून खिशात टाकल्यावर पुन्हा वीत लावून बघितली. मी घड्याळ बघत होतो, ते बघत नव्हते. "उद्या या, मास्तर," ते म्हणाले, "पाइप उद्या कापू."

शुक्रवार : मांजरी

निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेतून मी एकच वस्तू आणली, एक फूट लांबीची स्टीलची पट्टी. ती घेऊन मी गेलो. पाइप जागेवर वेल्ड झाला होता. मी पट्टी लावली. आठशे ऐंशी मिलिमीटर.

"बबनराव, हा ऐंशी मिलिमीटर जास्त आहे."

"चार बोटं ठिवलीत."

"का?"

"ऱ्हाऊ द्या की. जास्त असलं तर कवाबी कापता येतंय."

"पण ड्रॉइंगमध्ये आठशे आहे. मागे उगाच पाइप बाहेर आला, कोणाला लागला, तर? आणि वजन वाढतं. शर्यतीची गाडी आहे, तिथे ग्रॅमचा हिशोब असतो." हे शेवटचं वाक्य मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलेलं होतं.

बबनरावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि कटर लावला. ठिणग्या उडाल्या, चार बोटांचा तुकडा खाली पडला. निवल्यावर तो उचलून त्यांनी भिंतीतल्या फळीवर ठेवला. मी पट्टी लावली, बरोबर आठशे. मला फार बरं वाटलं.

तोपर्यंत तीन वाजले होते. आमच्या घरी साडेबाराला पानं मांडली जातात आणि एक वाजता ओटा पुसलेला असतो. इथे वेल्डिंगचा सांधा पुरा झाल्यावर जेवण. बबनरावांच्या घरून भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा आला. मी जेवून निघालो होतो, तसं सांगितलंही. ते कोणी ऐकलं नाही. शेवग्याच्या चोथ्याचा ढीग त्यांच्यापेक्षा माझ्यासमोर मोठा झाला.

जेवणानंतर त्यांनी रॅकच्या खाली एक जाड पत्रा जोडायला घेतला, माणूस उभा राहील एवढा रुंद. हा माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हता.

"हा कशाला?"

"उभं ऱ्हायाला."

"कोण उभं राहणार आहे? शर्यतीची गाडी आहे ती!"

"मास्तर, गाडीच्या मागं लोखंड दिसलं की मानूस त्यावर उभा ऱ्हातोच. मी चाळीस वर्सं ट्रॉल्या करतोय. मानूस पडला तर नाव माजं घेत्यात."

पाइप मी कापायला लावला होता, आता एका दिवसात दुसऱ्यांदा वाद नको म्हणून मी पत्रा राहू दिला. संध्याकाळी केतकीला फोन केला. "झालं. उद्या गाडी आणि चाकं घेऊन जायचं, बसवायचं आणि परत." ती म्हणाली, "सही, बाबा!" तिच्या तोंडून 'सही' मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

शनिवार : मांजरी

केतकी, मी आणि चार चाकं, दुपारी दोनला शेडमध्ये. रॅक गाडीच्या मागे खालच्या बाजूला बोल्टने बसला, अगदी मापात. बबनरावांनी पहिलं चाक ओवलं, दुसरं, तिसरं. चौथं अर्ध्याहून जास्त आत गेलं आणि मग पाइप संपला. चार सेंटिमीटर बाहेर. चकती बसेना, पिनचं भोक चाकाच्या आतच राहिलं.

मी पट्टी काढली. एकेक चाक एकवीस सेंटिमीटर रुंद होतं. रिमवर चढवून हवा भरली की टायर बाजूंनी फुगतो. छापलेल्या आकड्यात ते फुगणं नसतं. हे मला माहीत असायला हवं होतं.

"बाबा, तुम्ही मोजले नव्हते?" केतकीने विचारलं.

"छापलेलं होतं."

"ते गॅलरीत तर होते."

माझ्या खुर्चीपासून बारा पावलांवर होते. एकतीस वर्षं मी पोरांचे मार्क याच गोष्टीसाठी कापले, पुस्तकातला आकडा लिहिला आणि स्वतः मोजलं नाही म्हणून. मला तिथे उभं राहावेना. बबनरावांकडे बघायची हिंमत झाली नाही. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते, ते फळीकडे गेले होते. कालचा तुकडा त्यांनी आणला, फुंकर मारून पाइपच्या तोंडाला लावून बघितला, आणि आतून घालायला एक बारीक गज शोधायला लागले. ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात लाइट गेली. मांजरीत शनिवारी दुपारी गेलेली लाइट कधी येते, याचं उत्तर तिथे कोणीच देत नाही, फक्त हात हलवतात. साडेतीन झाले, साडेचार झाले. केतकी गाडीच्या बॉनेटवर बसून फोन बघत होती. शेवटी ती खाली उतरली.

"राहू द्या, बाबा. उगाच ताण नको घेऊ या. उद्या टायर नेहमीसारखे आत टाकते. रॅक पुढच्या वेळी."

ती समजूतदारपणे बोलत होती, तिला समजूतदारपणा आईकडून मिळाला आहे. पण आत टायर म्हणजे मी घरी. ती सकाळी निघणार, मी दाराशी उभा राहून 'सावकाश जा' म्हणणार, आणि संध्याकाळी पेपर वाचत दाराआडून ऐकणार. मी म्हणालो, "थांब जरा." मी रॅकपासून हललो नाही. तिला कारण कळलं नसावं.

बबनरावांना मात्र कळलं. त्यांनी मला एकदा नीट बघून घेतलं, मग केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि शेजारच्या इमारतीच्या कुंपणाकडे गेले. बांधकाम चालू होतं, जनरेटर घुमत होता. वॉचमनशी दोन मिनिटं बोलणं झालं आणि केबल कुंपणावरून पलीकडे गेली.

"त्यांनी कशी दिली?" मी विचारलं.

"न दिऊन सांगतो कुनाला? त्यो टावर माज्याच वावरात हुबा हाय." त्यांनी अकराव्या मजल्याकडे बोट केलं. "खाली मोट हुती आमची. त्या तिथं, लिफ्टच्या जागी." एवढं सांगून त्यांनी काळा चष्मा खाली ओढला.

सहाच्या आत पाइप पुन्हा आठशे ऐंशीचा झाला. चारही चाकं बसली, चकती बसली, पिन गेली. केतकीने उभं राहायचा पत्रा बघितला आणि म्हणाली की तेवढा काढाच, मागे फार वजन होतंय, गाडी बसली आहे. बबनराव ऐकेनात. मग त्यांच्यात असं ठरलं की पत्र्याशिवाय रॅक मजबूत आहे हे सिद्ध झालं तर पत्रा काढायचा. पत्रा सोडवला. बबनराव स्वतः पाइपच्या खालच्या दांड्यावर चढले आणि तीनदा उड्या मारल्या. "आता मास्तर." मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. मी टपाला धरून चढलो, उडी नाही मारली, पण गुडघे दोनदा वाकवले. केतकीने व्हिडिओ काढला आणि जागच्या जागी आईला पाठवला. सुनंदाचं उत्तर आलं, "उतरवा त्यांना."

चाकांमागे गाडीचा नंबर झाकला जात होता, तेही माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. बबनरावांनी नंबर खडूने लिहून घेतला आणि शेजारच्या पेंटरकडून एक पाटी रंगवून आणून चाकांवर टांगली.

रविवार : धावपट्टी

सकाळी साडेपाचला निघालो. पुढे केतकी आणि सलील, मागे हत्यारांची पेटी, तंबू आणि मी. मागच्या सीटवर बसून मला इतकं बरं वाटलं की हडपसर येईपर्यंत मी काही बोललो नाही. सलीलला वाटलं मला झोप लागली आहे.

सोलापूर रस्त्यावर एका हवालदाराने थांबवलं. त्याने गाडीभोवती चक्कर मारली.

"टायरचं दुकान आहे का?"

"नाही, रेसला चाललोय," केतकी म्हणाली.

"एवढे पंक्चर होतात?"

त्याने पाटी बघितली, दिवे बघितले, आणि मग एक पाय रॅकवर ठेवून सगळा भार त्यावर टाकला. रॅक हलला नाही. दुसरा पायही उचलून तो क्षणभर वर उभा राहिला. "कुठे केलात?" त्याने विचारलं. "मांजरीला," मी म्हणालो. त्याने पत्ता लिहून घेतला आणि आम्हाला सोडलं.

आणखी दीड तास गेल्यावर माळरानावर एक जुनी धावपट्टी लागली. विमानं आता तिथे उतरत नाहीत. तंबू लागले होते, वीस-पंचवीस गाड्या, त्यांची बॉनेटं उघडी. सुनंदाने दिलेला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा डिकीत होता आणि रॅकवर चाकं असताना डिकी उघडत नाही, हा शोध तिथे लागला. म्हणून आधी चाकं उतरवली, मग खिचडी. सगळ्या मंडळींत आमचा रॅक बघायला येणारे बरेच निघाले. कोणीतरी जोडाच्या ठिकाणी बोट ठेवून विचारलं की हा पाइप असा मध्ये का जोडलाय. मी म्हणालो, "चुकलं होतं."

केतकीचा नंबर अकरा वाजता आला. हेल्मेट घालून ती रेषेवर थांबली. मी बाजूच्या दोरीपाशी होतो, खिडकीतून तिचा चेहरा अर्धा दिसत होता. जिभेचं टोक तिने ओठांच्या डाव्या कोपऱ्यात काढलं होतं. तिसरीत भागाकार करताना ती असं करायची. मी ते विसरून गेलो होतो. माझे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात झेंडा पडला.

पुढचं मिनिटभर मला नीट सांगता येणार नाही. गाडी एवढी आडवी होऊन वळते आणि तरी उलटत नाही, हे कागदावर मी मुलांना अनेकदा सिद्ध करून दाखवलं आहे. प्रत्यक्षात मी दोन्ही हातांनी दोरी आवळून धरली होती. शेवटच्या वळणावर तिने एक शंकू उडवला. एका शंकूला दोन सेकंदांचा दंड. चार फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी मी दोरीपाशीच. ती पाचवी आली. शंकू पडला नसता तर तिसरी आली असती, असं सलील म्हणाला. मी म्हणालो, "पण पडला." केतकी हसली. या वेळी ती मोकळेपणाने हसली, निदान मला तसं वाटलं.

परतताना सलील दुसऱ्या मित्राच्या गाडीतून गेला, त्यामुळे मी पुढे बसलो. यवत गेल्यावर केतकी म्हणाली, "बाबा, रॅक भारी झालाय. पण खरं सांगू का? गाडी मागे ओढल्यासारखी होते, पेट्रोलही जास्त जातंय. पुढच्या वेळी टायर आतच टाकू या."

"आत टाकलेस तर मी कुठे बसू?"

"इथेच. आत्ता बसलायत तिथे."

"आणि सलील?"

"तो बाइकनंच यायचं म्हणत असतो, त्याला हायवेवर बाइक चालवायचीच असते. मीच म्हणते की सीट रिकामी आहे, बस." माझ्याकडे वळून न बघता तिने विचारलं, "एक मिनिट. तुम्ही रॅक बसायला जागा व्हावी म्हणून केलात?"

मी समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत राहिलो.

"मला वाटलं, तुम्हाला रॅकच करायचा आहे. बाबा, जागा होती. तीन वर्षं होती. तुम्ही येतो म्हणालाच नाहीत."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी तिरकस उत्तर सुचलं असतं. तशी उत्तरं मला नेहमी सुचतात. ट्रॅक्टरला ओलांडून आम्ही पुढे गेलो, लोणीचा फाटा आला, तो मागे पडला.

"मला यायचंय," मी म्हणालो. "दर वेळी."

केतकीने गिअर बदलला. "साडेपाचला निघते," ती म्हणाली. "उशीर केलात तर थांबणार नाही."